आधीं प्रयोजन, मग यंत्र

जुने शास्त्री कोणताहि शास्त्रग्रंथ शिकविण्यास बसले म्हणजे आरंभीं विद्यार्थ्यांपुढें चार गोष्टी ठेवीत : या ग्रंथाचा विषय काय, त्याचें प्रयोजन काय, या दोहोंचा संबंध कोणता, आणि हा ग्रंथ शिकण्याचा अधिकारी कोण. या चौकडीस अनुबंधचतुष्टय असें नांव आहे. चारहि उत्तरें नीट मिळालीं तरच पुढील परिश्रम सार्थकीं लागतात. नाहीं तर शिष्य शब्द पाठ करतो आणि शास्त्र बाजूस राहतें. आम्हांस असें वाटूं लागलें आहे कीं, ही जुनी शिस्त आजच्या एका अगदीं नव्या विषयास जशीच्या तशी लागू पडते. तो विषय म्हणजे मध्यम आकाराच्या कंपन्यांतील संगणक-खातें आणि त्या कंपन्यांचा धंदा यांचा मेळ.

शाळेंत आयुष्य घालविलेल्या मास्तरानें कारखान्याच्या गोष्टींत कां पडावें, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, हा प्रश्न आतां कारखान्याच्या फाटकाआड राहिलेला नाहीं; तो आपल्या घरच्या पंगतींत येऊन बसला आहे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं एखादा मुलगा, पुतण्या किंवा सून अशा कंपनींत संगणकाचें काम करीत असते, आणि दुसरा एखादा आप्त तशाच कंपनींत विक्री, हिशेब किंवा उत्पादन पाहात असतो. पहिल्याची तक्रार अशी कीं, "रात्रीं दोन वाजतां उठून सर्व्हर सुरू केला, पण आमचें काम कोणास दिसत नाहीं." दुसरा म्हणतो, "आयटीवर पैसा पाण्यासारखा जातो, पण माल वेळेवर निघतो कुठें ?" दोघेहि खरें बोलतात, आणि तरीहि एकाचें बोलणें दुसऱ्यास कळत नाहीं. ही फारकत जेथें वाढते तेथें पैसा बुडतो. आणि मध्यम कंपनींत पैसा बुडाला म्हणजे शें-दोनशें घरांच्या चुलीपर्यंत त्याची झळ पोंचते. म्हणून हा विषय आम्ही कुटुंबाचाच समजतों.

माहुलचा धडा

हा विषय समजून घेण्यास मुंबईच्या पूर्व उपनगरांतील माहुल हें ठिकाण फार सोयीचें आहे. चेंबूरच्या दक्षिणेस, खाडीच्या कांठीं, एकीकडे कोळ्यांची जुनी वस्ती व दुसरीकडे तेलाच्या टाक्यांच्या रांगा, असें तें गांव. स्टँडर्ड व्हॅक्यूम या अमेरिकन कंपनीची रिफायनरी या भागांत १९५४ सालीं सुरू झाली आणि पुढच्याच वर्षीं तिच्या शेजारीं बर्मा-शेलची. पहिली कंपनी पुढें एस्सो या नांवानें ओळखली जाऊं लागली व १९७४ सालीं सरकारच्या मालकीची होऊन हिंदुस्तान पेट्रोलियम बनली. दुसरी १९७६ सालीं सरकारनें घेतली. तीच आजची भारत पेट्रोलियम.

यांपैकीं एस्सोच्या मुंबईंतील कचेरींत १९६१ सालीं आयबीएम-१४०१ हा संगणक बसविण्यांत आला. आपल्या देशांतील व्यापारी कचेऱ्यांत अगदीं आरंभीं जे संगणक आले त्यांत त्याची गणना होते. भोंकें पाडलेल्या कार्डांवरून माहिती वाचून हिशेबाचे कागद छापणाऱ्या या यंत्राकडून जगभर बिलें, पगारपत्रकें आणि मालसाठ्याचे ताळेबंद करवून घेत. त्या काळीं असे संगणक विकत घेण्याऐवजीं बहुधा भाड्यानेंच घेतले जात आणि तें भाडें इतकें जबर असे कीं, यंत्राच्या तासातासाचा उपयोग पाहावा लागे. अर्थात् हें यंत्र कशासाठीं आणावयाचें, याचें उत्तर तयार असल्यावांचून तें दारांत आणणें परवडतच नसे. आज स्थिति उलट झाली आहे. महिना कांहीं हजार रुपये भरले कीं वाटेल तें सॉफ्टवेअर घरबसल्या मिळतें. आणि वस्तु स्वस्त झाली म्हणजे तिचें प्रयोजन विचारण्याची संवय सुटते, हें आपण घरोघरच्या माळ्यावर पडलेल्या सामानावरून जाणतोंच.

दुसरा धडा भारत पेट्रोलियमचा. १९९० नंतरच्या दशकांत असें स्पष्ट दिसूं लागलें कीं, पेट्रोलच्या किंमती व कंपन्यांचा नफा सरकारनें ठरवून देण्याची जुनी पद्धति आतां फार दिवस टिकणार नाहीं. (ती १ एप्रिल २००२ पासून अधिकृतपणें मोडीत निघाली.) तोंवर गिऱ्हाईक आपोआप येत असे, यापुढें तें मिळवावें लागणार होतें. या वेळीं कंपनीनें आरंभ संगणकापासून केला नाहीं. गिऱ्हाइकास काय हवें आहे याचा तिनें प्रथम शोध घेतला. मग जुनी खात्याखात्यांची रचना मोडून रिफायनरी, पेट्रोलपंप, घरगुती गॅस, वंगण, विमानांचें इंधन, कारखान्यांस विक्री असे जबाबदारीचे वेगवेगळे विभाग केले. आणि त्यानंतर, या नव्या रचनेस साजेशी अशी, सर्व ठिकाणांचे व्यवहार एकत्र जोडणारी ईआरपी नांवाची संगणक-व्यवस्था 'एन्ट्रान्स' या नांवाची योजना करून उभारली. प्रयोजन, मग रचना, मग यंत्र, हा तो क्रम. भारत पेट्रोलियम ही मध्यम कंपनी नव्हे, अवाढव्य आहे. परंतु हा क्रम मोठ्यापेक्षां मधल्यास अधिक उपयोगी आहे. मोठ्याच्या पोटांत एखादा चुकीचा खर्च जिरून जातो. मधल्याच्या तो अंगावर येतो.

मधल्याची अडचण

मध्यम उद्योग कोणता, याची सरकारी व्याख्या १ एप्रिल २०२५ पासून अशी आहे : यंत्रसामग्रींतील गुंतवणूक १२५ कोटींपर्यंत आणि वर्षाची उलाढाल ५०० कोटींपर्यंत. त्यांतहि लघु उद्योगाची मर्यादा ओलांडून नुकत्याच वर आलेल्या कंपन्यांची अवस्था वयांत येऊं लागलेल्या मुलासारखी असते. लहान दुकानांत मालकाच्या डोक्यांत सर्व हिशेब असतो, म्हणून संगणक चुकला तरी मालक चुकत नाहीं. मोठ्या कंपनींत यंत्रांचा विचार करण्यास निराळे अधिकारी, निराळा निधि असतो. मधल्या कंपनीचा पसारा मालकाच्या स्मरणशक्तीबाहेर गेलेला असतो, पण त्या पसाऱ्याची शिस्त अजून कागदावर उतरलेली नसते. तेथें संगणक-खातें म्हणजे दोन-तीन माणसें. प्रिंटर अडकला तरी तींच, पासवर्ड विसरला तरी तींच, आणि विक्रेता नवें सॉफ्टवेअर घेऊन आला तरी त्याच्याशीं बोलणारीं तींच. दिवसभर जो हांक मारील त्याच्याकडे धांवावयाचें, हीच तेथील योजना. जो मोठ्यानें ओरडतो त्याचें काम आधीं होतें. ज्या कामावर धंदा अवलंबून आहे तें मुकाट्यानें मागें पडतें.

याचें उदाहरण घेण्यासाठीं आपण एक कंपनी कल्पूं. तिच्यांत १५० माणसें आहेत आणि ती रिफायनऱ्यांना व रसायनांच्या कारखान्यांना लागणारे व्हॉल्व्ह बनविते. या गिऱ्हाइकांचा एक विशेष आहे. रिफायनरी रात्रंदिवस चालते. ठराविक मुदतीनें तिचा एखादा भाग दुरुस्तीसाठीं बंद ठेवतात, त्यास शटडाऊन म्हणतात. त्या थोड्या दिवसांत जो व्हॉल्व्ह हवा तो त्या तारखेस पोंचला तरच त्याचा उपयोग. शिवाय व्हॉल्व्हबरोबर त्याच्या धातूचें आणि दाबाच्या परीक्षेचें सर्टिफिकेट द्यावें लागतें. कागद नसला तर लोखंड कितीहि उत्तम असो, माल फाटकावर अडून राहतो. आतां या कंपनीस आपले चार प्रश्न विचारूं.

प्रयोजन आणि विषय

पहिला प्रश्न प्रयोजनाचा. मालकास विचारलें तर तो म्हणेल, "कंपनी आधुनिक करावयाची आहे." हें प्रयोजन नव्हे, ही इच्छा झाली. "शटडाऊनसाठीं आलेल्या शंभर मागण्यांपैकीं आज ८० वेळेवर जातात, त्या येत्या वर्षअखेर ९५ गेल्या पाहिजेत," हें प्रयोजन. त्यांत आंकडा आहे, मुदत आहे, आणि तें साधलें कीं नाहीं हें कारकुनापासून संचालकापर्यंत कोणासहि सांगतां येतें. हें वाक्य बोलण्याचा अधिकार आणि कर्तव्य मालकाचें आहे. संगणक-खात्यानें तें आपल्या मनानें बनवूं नये, आणि मालकानेंहि तें विक्रेत्याच्या माहितीपत्रकांतून उचलूं नये.

प्रयोजन असें स्पष्ट झालें म्हणजे विषय, म्हणजे संगणक-खात्यानें नेमकें काय करावयाचें तें, आपोआप निवडलें जातें. उशीर कोठें होतो, हें पाठविणी-विभागांतील जुन्या कारकुनास विचारावें. तो सांगेल कीं, माल तयार असतो, पण ओतकामाचा हीट नंबर घेऊन त्याचें सर्टिफिकेट जुन्या फायलींत शोधण्यांत अर्धा दिवस जातो. लेथवरील कारागीर सांगेल कीं, ड्रॉइंग बदललें होतें, पण हातांत जुनेंच होतें, म्हणून नग फुकट गेला. तेव्हां या वर्षीं या कंपनीस लागणारी संगणक-सेवा म्हणजे हीट नंबर टाकतांच सर्टिफिकेट समोर येणें आणि कारागिराच्या हातीं नेहमीं शेवटचेंच ड्रॉइंग असणें, एवढीच. सर्वांस नवे लॅपटॉप, भिंतीएवढा पडदा, कृत्रिम बुद्धीचें एखादें नवें सॉफ्टवेअर, हीं वाईट आहेत असें नव्हे. परंतु पंचाण्णवाच्या आंकड्याशीं त्यांचा धागा जुळत नसेल तर त्यांनीं रांगेंत मागें उभें राहावें. घरांतहि मुलीच्या लग्नाच्या वर्षीं आपण दिवाणखान्याचा रंग पुढें ढकलतोंच.

संबंध

तिसरा प्रश्न संबंधाचा, आणि आमच्या मतें खरी गोम येथेंच आहे. विषय व प्रयोजन यांचा संबंध जोडण्याचें साधन म्हणजे माप. संगणक-खातें दरमहा अहवाल देतें : ३१२ तक्रारी आल्या, ३०५ मिटल्या. मालक तो वाचतो आणि बाजूस ठेवतो, कारण त्यांत त्याच्या धंद्याचा एकहि शब्द नसतो. तोच अहवाल असा लिहावा : "गेल्या महिन्यांत सर्टिफिकेटाअभावीं ११ पाठवण्या अडल्या होत्या, या महिन्यांत ३ अडल्या." मग मालकास खर्चाचें कारण सांगावें लागत नाहीं, आणि रात्रीं दोन वाजतां उठणाऱ्या मुलाचें कामहि दिसूं लागतें.

मापासंबंधीं एक फसवा आंकडा सर्वत्र प्रचारांत आहे. विक्रेता लिहून देतो कीं, आमची सेवा शेंकडा ९९.९ वेळ चालू राहील. ऐकावयास हें फार चांगलें वाटतें. पण वर्षाचे तास ८,७६०. त्यांचा हजारावा भाग म्हणजे सुमारें पावणेनऊ तास. हे पावणेनऊ तास रविवारच्या पहांटे तुकड्या-तुकड्यांनीं गेले तर कोणास कळणारहि नाहींत. तेच ३१ मार्चच्या दुपारीं एकदम गेले तर ? १ ऑगस्ट २०२३ पासून, ज्या धंद्याची वर्षाची उलाढाल ५ कोटींहून अधिक आहे त्यास दुसऱ्या व्यापाऱ्यास दिलेलें बिल सरकारी पोर्टलवर नोंदवून त्याचा क्रमांक घ्यावा लागतो. त्यावांचून तें बिल बिल म्हणून धरलें जात नाहीं. म्हणजे संगणक थांबला कीं भरलेला ट्रक फाटकांत उभा. तेव्हां "किती टक्के चालूं" यापेक्षां "कोणत्या दिवशीं, कोणत्या वेळीं थांबतां कामा नये" हा करार अधिक महत्त्वाचा. आणि हें दिवस-वेळ धंदा चालविणारांनींच सांगावयाचें असतें.

आपत्तीचेंहि तसेंच. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझच्या वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि मुंबईच्या सखल भागांतील तळमजले पाण्याखालीं गेले. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं विजेचें जाळें कोलमडून लोकलगाड्यांसकट शहर थांबलें. अशा दिवसासाठीं प्रत्येक कंपनीनें दोनच प्रश्नांचीं उत्तरें लिहून ठेवावीं : किती तासांत काम पुन्हां सुरू झालेंच पाहिजे ? आणि शेवटच्या किती तासांचें लिखाण नाहींसें झालें तर आपणांस निभावून नेतां येईल ? उत्तर "एक दिवस" असेल तर साधी व्यवस्था पुरेल. "एक तास" असेल तर खर्च अनेक पटींनीं वाढतो. सर्व्हर तळमजल्यावर ठेवावा कीं वरच्या, नकलेची प्रत दुसऱ्या गांवीं ठेवावी कीं नाहीं, हें सर्व या दोन उत्तरांतून निघतें. उत्तर न देतां मालक "सर्व सुरक्षित ठेवा" म्हणाला, तर संगणक-खात्यानें एक तर अवास्तव खर्च करावा किंवा नशिबावर हवाला ठेवावा, याखेरीज त्यास तिसरा मार्ग उरत नाहीं.

संबंध तुटला म्हणजे मोठ्यांचीहि कशी फजिती होते याचें उदाहरण अमेरिकेंतील हर्शी या चॉकलेट-कंपनीचें आहे. तिनें दहा कोटी डॉलरांहून अधिक खर्चून नवी संगणक-व्यवस्था उभी केली आणि १९९९ च्या जुलैंत ती सुरू केली. तिकडे ऑक्टोबरअखेर हॅलोवीनचा सण असतो आणि मिठाईची सर्वांत मोठी मागणी त्याच सुमारास येते. म्हणजे आपल्याकडील हलवायानें ऐन दिवाळीच्या तोंडावर भट्टी मोडून नवी बांधावी, तसेंच झालें. कोठारांत माल होता, दुकानदार मागत होते, पण मागणी व माल यांची गांठ नव्या व्यवस्थेस घालतां येईना. सुमारें दहा कोटी डॉलरांच्या मागण्या पुरवितां आल्या नाहींत. यंत्र नवें व नामांकित होतें. पण धंद्याचें पंचांग त्याच्या समोर ठेवलें गेलें नव्हतें.

अधिकारी कोण ?

राहिला चौथा प्रश्न. या सर्वांचा अधिकारी कोण ? विक्रेता नव्हे, कारण त्याचें प्रयोजन विक्रीपाशीं संपतें. एकटा संगणक-प्रमुखहि नव्हे, कारण धंद्याचें ध्येय ठरविण्याची बैठक भरते तेव्हां त्यास बहुधा बोलावलेंच जात नाहीं. त्यास निर्णय कळतो तो खरेदीच्या दिवशीं. आमच्या मतें अधिकारी तिघे मिळून होतात : ध्येय ठरविणारा मालक, यंत्र जाणणारा संगणक-प्रमुख, आणि ज्याच्या हातून रोज तें काम घडतें तो कारकून किंवा कारागीर. यांतील तिसऱ्यास लोक विसरतात आणि तेथेंच कपाळमोक्ष होतो.

या तिसऱ्याच्या मनांतील भीतीस मोठा इतिहास आहे. १९६० नंतरच्या दशकांत आयुर्विमा महामंडळांत संगणक येणार म्हणतांच कर्मचाऱ्यांनीं त्यास तीव्र विरोध केला. पुढें १९६९ सालीं सरकारनें ऑटोमेशनचा विचार करण्यासाठीं एक समिति नेमली. तिचे अध्यक्ष होते पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर, आणि तिचा अहवाल १९७२ सालीं निघाला. त्या वेळीं जो प्रश्न देशापुढें होता तोच आज प्रत्येक मध्यम कंपनीच्या कचेरींत एखाद्या पन्नाशीच्या कारकुनाच्या मनांत असतो : हें यंत्र माझें काम हलकें करण्यास आलें आहे कीं मला घरीं पाठविण्यास ? मालकानें प्रयोजन उघड सांगितलें नाहीं, तर कारकून तें आपल्या भीतीप्रमाणें ठरवितो. मग तो नव्या व्यवस्थेंत नोंद करतो, पण खरी वही आपल्या खणांत ठेवतो. अशा कचेरींत दोन सत्यें नांदतात, एक संगणकांतलें व एक खणांतलें, आणि धंदा खणांतल्यावर चालतो. हजारों रुपयांचें सॉफ्टवेअर एका दोन रुपयांच्या पेन्सिलीपुढें हरतें, त्याचें कारण हेंच. उलट त्याच कारकुनास प्रथम विचारलें कीं, "बाबूराव, उशीर कोठें होतो तें तुम्हीच सांगा," तर तीस वर्षांचें शहाणपण कंपनीस फुकट मिळतें. आणि यंत्र आल्यावर त्यांनीं काय करावयाचें, हेंहि त्याच बैठकींत सांगतां येतें.

आतां उपाय. तो खर्चिक नाहीं. महिन्यांतून एक तास या तिघांनीं एका टेबलाशीं बसावें. पुढें एकच कागद असावा. डाव्या बाजूस या वर्षींचीं धंद्याचीं दोन किंवा तीन ध्येयें, आंकडा व मुदत यांसह. उजव्या बाजूस संगणक-खात्याचें प्रत्येक काम व त्याचा खर्च. ज्या कामापासून डावीकडील एखाद्या ध्येयापर्यंत रेघ ओढतां येत नाहीं, त्याच्यापुढें प्रश्नचिन्ह करावें. कांहीं कामें धंदा चालू राहण्यासाठींच असतात, जसें नकला ठेवणें, कुलपें सांभाळणें, सरकारी नियम पाळणें. तीं घरांतील दिवाबत्तीसारखीं आहेत, त्यांना निराळें खातें द्यावें आणि त्यांत काटकसर करूं नये. पण उरलेल्या प्रत्येक प्रश्नचिन्हाचा निकाल त्याच बैठकींत लागावा : एक तर ध्येयाशीं जोडा, नाहीं तर बंद करा. आणि ज्या वर्षीं ध्येय बदलेल त्या वर्षीं रेघाहि नव्यानें ओढाव्या.

आमच्या वाचकांस यांत करण्यासारखें काय आहे, असें विचाराल तर, पुष्कळ आहे. ज्यांच्या घरीं कंपनीचे मालक किंवा संचालक आहेत त्यांनीं येत्या खरेदीच्या कागदावर सही करण्यापूर्वीं हे चार प्रश्न लिहून त्यांचीं उत्तरें मागावीं. ज्यांच्या घरीं संगणकाचें काम करणारा मुलगा किंवा सून आहे त्यांनीं रात्रीं जेवतांना "आज किती तक्रारी मिटविल्या ?" असें न विचारतां "तुझ्या आजच्या कामानें कंपनीचें कोणतें काम पुढें गेलें ?" असें विचारून पाहावें. पहिल्या दिवशीं उत्तर येणार नाहीं. पण ज्यास हा प्रश्न घरीं विचारला जातो तो दुसऱ्या दिवशीं कचेरींत तोच प्रश्न विचारूं लागतो, आणि एका मध्यम कंपनींत असें विचारणारीं दोन-तीन माणसें निघालीं तरी तिचें वळण बदलण्यास पुरे होतात. माहुलच्या त्या टाक्यांच्या छायेंत, अंधेरीच्या गाळ्यांत, मुलुंड-घाटकोपरच्या कचेऱ्यांत अशीं माणसें आहेत. त्यांस विचारणारें कोणी हवें आहे.